धक्क्याकडे वळणारा हात

रेवसची लाँच चालवणारे तांडेल बोलता बोलता मध्येच थांबून इंजिनाचा आवाज ऐकतात आणि मग उरलेलं वाक्य पुरं करतात. शाळेतल्या नोकरीसाठी मी रोज त्यांच्याच लाँचने जातो. त्यांची मुलगी शिष्यवृत्तीवर विमान चालवायला शिकते आहे. माझ्यासारखीच घरातली पहिली शिकलेली, म्हणून मला तिचं फार कौतुक.

लहानपणी तिला सुकाणूवर बसवून त्यांनी शिकवलं होतं, इंजिन कुरकुरलं की तोंड धक्क्याकडे वळवायचं.

परवा तिच्याबरोबर शिकणारा एकजण गेला. उड्डाण करताच इंजिन बंद पडलं, तो धावपट्टीकडे मागे वळला, वेग गेला आणि विमान कोसळलं. सरळ जाऊन शेतात उतरला असता तर वाचला असता, असं तिनेच त्यांना फोनवर सांगितलं.

आज लाँच सुटताच इंजिन खोकलं. तांडेलांनी सवयीने सुकाणू धक्क्याकडे फिरवलं आणि आपल्याच हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी फोन काढला.

"कोणाला?" मी विचारलं.

"बायला, माझ्या पोरीला. मी शिकवलेला इसरून जा म्हनून सांगतो."

"तिला ठाऊक आहे, तांडेल."

"डोक्याला ठाव हाय, मास्तर. हाताला न्हाय."

फोन बंद लागत होता. सकाळी ती विमानात असते.