घुंगुरमाळ काढली त्या दिवशी

बाई रस्त्यावर पालथी पडली होती आणि हलत नव्हती. डोक्यावरचा कडब्याचा भारा सुटून पसरला होता. माझी स्कूटर आडवी पडलेली, मागचं चाक आवाज न करता फिरत होतं. बाई आमच्याच गल्लीतली. मी हाका मारल्या, तिनं ओ दिली नाही. डाव्या कानातून रक्त येत होतं.

आमचं गाव चाकूरजवळ. गुडघे गेले तेव्हा डेअरीला दूध न्यायला मी विजेची स्कूटर घेतली. लातूरचा दुकानदार म्हणाला, "मावशी, हिला लायसन लागत न्हाई, नंबर लागत न्हाई. पंचवीसच्या वर पळतच न्हाई." मी चौथी शिकलेली, लायसनची परीक्षा द्यायची मला भीती होती. म्हणून तीच घेतली. पण दुधाचे दोन कॅन लादले की चढाला ती दम टाकायची. मग मीच मिस्त्रीला सांगून तिची वेग अडवणारी वायर तोडून घेतली. चाळीस पळायला लागली.

तिचा आवाज येत नाही म्हणून लोक दचकायचे, शिव्या द्यायचे. मी हँडलला बैलाची जुनी घुंगुरमाळ बांधली. "म्हातारीचा पोळा बाराही महिने!" अशी चेष्टा झाली, पण लोक बाजूला व्हायचे.

त्या दिवशी शेजारच्या गावात मयतीच्या घरी बसायला जायचं होतं. घुंगरं वाजवत दुखवट्याला कसं जायचं? माळ काढून खुंटीला अडकवली. वाटेत ती बाई पुढं चालली होती. मी मागून येतेय हे तिला कळलंच नाही, ती रस्ता ओलांडायला वळली. ब्रेक दाबला तोवर मी तिच्यावर गेले होते.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार आहे, काही सांगता येत नाही. समोरच्या बाकावर तिचा नवरा बसलेला. पोलीस येताना दिसला तशी माझी सून कानाशी लागली, "आत्याबाई, हळू पळती म्हणा. वायरीचं काढू नका."

"आजी, किती पळती गाडी?"

"चाळीस."

सुनेनं मला चिमटा काढला.

"लायसन?"

"न्हाई."

"नंबर? इन्शुरन्स?"

"न्हाई. लागत न्हाई म्हणला व्हता दुकानदार."

"ते पंचवीसच्या गाडीला. चाळीस तुम्ही केली. आता ती मोटारगाडी झाली, आजी."

त्याचं बरोबर होतं. तो लिहून घेऊन गेल्यावर तिच्या नवऱ्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"अक्का, घुंगरं कुठं गेली व्हती?"

"मयतीला चालले व्हते," मी म्हणाले.



तीन दिवस मी माझ्या बाकावरून हलले नाही. सून म्हणाली, "घरी चला, तुम्ही बसून ती उठणार हाय का?" माझ्या बसण्यानं ती उठणार नव्हती, मलाही ठाऊक होतं. नर्स दारात आली की ही आता नवऱ्याला आत बोलावणार, असंच वाटायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या बाईनं डोळे उघडून पाणी मागितलं.

माझ्यावर गुन्हा दाखल झाला. गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी आहे, मी तारखांना बसनं जाते. ती बाई जगली. डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही. मीही जगले, माझं फक्त ढोपर सोललं होतं.