पाण्याला बाण लावणारा साडू

माझ्या साडूसमोर कुणी एक अख्खं वाक्य बोलून दाखवावं, मी कोल्हापुरात भर बिंदू चौकात मिशी उतरवून देतो. समोरच्यानं "काल मी बाजारात" एवढं म्हणायचा अवकाश, की हा पुढचं सांगून मोकळा, "गेलता, पाऊस लागला, छत्री न्हवती." आणि वैताग असा, की बहुतेक वेळा ते खरंच निघतं.

दोष त्याचा नव्हे, धंद्याचा. इंजिनिअरिंग कॉलेजात तो शिकवतो आणि वाहत्या पाण्याचा वेग मोजतो. काचेच्या लांबट टाकीतून पाणी सोडायचं, त्यात चमकणारे कण टाकायचे आणि लेसरच्या उजेडात भराभर फोटो काढायचे. कुठला कण किती सरकला यावरून कॉम्प्युटर जागोजागी बाण काढतो, म्हणजे पाणी इकडं चाललंय, एवढ्या जोरात. पण कुठं सावली पडते, कुठं बुडबुडा आडवा येतो, तिथले बाण गायब. ती भोकं आजूबाजूच्या बाणांवरून भरून काढायची, हा साहेबांच्या पीएचडीचा विषय. आता भरलेलं बरोबर कशावरून? त्यालाही तोड आहे. चांगल्या चित्राला मुद्दाम भोक पाडायचं, ते भरायचं, आणि मग मूळ चित्राशी ताडून बघायचं.

हे त्यानं कॉलेजातच ठेवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण एकदा सासुरवाडीला, हुपरीत, सगळे मॅच बघत बसलेले, आणि ह्यानं ऐन रंगात टीव्ही बंद केला! "दोन ओव्हर थांबा. काय झालं ते मी सांगतो, मग लावून बघू." चांदीचे पैंजण घडवण्यात हयात गेलेले आमचे सासरे एरवी जावयांशी अदबीनं बोलणारे. त्या दिवशी ओरडले, "जावईबापू, रिमोट द्या, न्हायतर तुमच्या टाळक्यालाच भोक पाडतो!" टीव्ही लावला तर मधल्या मधे विकेट पडलेली. ह्याच्या अंदाजात ती नव्हती. "बघा, विकेट भरता येत न्हाय," म्हणून हा उलट खूश.

सासऱ्यांचा ह्या विद्येवर काडीचा भरवसा नव्हता. "पाणी बघायला पगार कशाला पायजे? रंकाळ्यावर फुकट दिसतंय की." त्यात ह्या पठ्ठ्यानं चमक हवी म्हणून त्यांच्याकडून चांदीची भुकटी मागून नेली आणि टाकीत ओतली. चांदीच ती, बसली तळाशी! दुसऱ्या दिवशी सासरे एसटीनं कॉलेजात हजर, काखेत पंचा. सगळं पाणी गाळून त्यांनी आपली चांदी परत मिळवली, तोंडानं जावयाचा उद्धार चालूच. मग ओले हात पुसत कॉम्प्युटरवरचे आधीच्या प्रयोगाचे बाण बघितले. टाकीतल्या एका खुंटीमागं पाणी गरगर फिरत होतं. म्हातारा बराच वेळ बघत राहिला. "आरं, हे आमच्या वढ्यातल्या भवऱ्यावानी फिरतंय की!" त्या दिवसापासून हुपरीत कुणी विचारो न विचारो, "आमचं जावई पाण्याला बाण लावत्यात" हे ऐकल्याशिवाय सुटका नाही. पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा चारचौघांसमोर होते, हे कळल्यावर तर प्रत्येक भेटीत बजावायचे, "लवकर करा. फुडच्या खुर्चीत मी बसणार, फेटा बांधून." साडूलाही तीच घाई लागली होती. परीक्षकांपेक्षा त्याला ह्या म्हाताऱ्याला दाखवायचं होतं.

अखेर परीक्षेची तारीख ठरली, आणि परीक्षा व्हायच्या आधीच सासरे गेले.

तरी हुपरीची सगळी माणसं आली. हॉल गच्च भरलेला. मी उशिरा पोचलो. गुडघे बोंबलत होते, आणि पहिल्या रांगेत मधोमध एक खुर्ची रिकामी दिसली. मी तिकडं वळलो. परीक्षक काहीतरी विचारत होते, पण साडूचं त्यांच्याकडं लक्षच नव्हतं. त्यांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं आणि हा ते पुरं करेना.

"पावणं," तो मला म्हणाला, "तिथं नगो."

परीक्षकांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मी भिंतीला टेकलो आणि शेवटपर्यंत उभा राहिलो. सासरे माझेही होते.