पहिल्या हाकेचा नकार

नकाशांच्या कचेरीत त्याला सगळे टोकदार म्हणायचे. पेन्सिलीला सुईसारखं टोक काढल्याशिवाय हा कागदाला हात लावायचा नाही, आणि नाकही तसंच, म्हणून नाव दोन्हीकडून चिकटलं. दुसऱ्यांची घरं कागदावर उभी करण्यात जन्म गेला. स्वतः मात्र कायम भाड्याच्या खोल्यांत. बायको गेल्यावर त्याही त्याला मोठ्या पडायला लागल्या. मग उजवा हात थरथरायला लागला. आधी रेघ हलली, मग कचेरी सुटली, आणि एका सकाळी उकळत्या पाण्याचं पातेलं निसटून पायावर आलं. फोड बरे झाले, पण मनात भीती बसली ती बसलीच.

लेक म्हणाली, "बाबा, आता बास. आमच्याकडे या."

लेक दिली होती जर्मन बोलणाऱ्या घरात. जावई दोन्ही भाषा जाणणारा, पण तो दिवसभर कामावर. घरात खरी सत्ता व्याहीबुवांची. म्हातारे सुतार, ओंडक्यासारखा देह, आणि जर्मनपलीकडे एक शब्द कळेल तर शपथ. लेक-जावयाने गावाच्या कडेला एक जुनं, गळकं घर घेतलं होतं आणि ते नवं करायचं व्याहीबुवांनी अंगावर घेतलं होतं. घर असं व्हायला हवं, की थोड्या जळणात ऊबदार राहील, पावसाचं पाणी साठवेल आणि आलेलं ऊन फुकट जाऊ देणार नाही.

टोकदाराने घरमालकाला सांगून टाकलं, "लेकीचं घर झालं की मी निघालो. दुसरा भाडेकरू बघा." आणि रोज बसने त्या अर्धवट घराकडे जायला लागला. नाव मदतीचं; खरं म्हणजे आपली खोली कुठली, ते बघायला.

तिथेच त्याची शाळा भरली. व्याहीबुवा भिंतीवर बुक्की मारायचे, "वांट." खिडकी उघडझाप करायचे, "फेन्स्टर." टोकदार मागोमाग म्हणायचा. फटीतून येणारा गार वारा दोघे गालावर घेऊन बघत: काल्ट. ओल आलेल्या कोपऱ्याला तळवा लावत: फॉयश्ट. बदल्यात व्याहीबुवा 'भिंत'ला 'बिंट' म्हणायला शिकले आणि काम संपलं की ओरडायचे, "चला!" एवढं एकच मराठी त्यांचं चोख.

भांडणंही व्हायची. भिंतीच्या आतून लाकडाच्या भुशाच्या जाड पाट्यांचं अस्तर द्यायचं होतं, ऊब धरून ठेवायला. टोकदाराला वाटे, इतक्या जाडीने खोली आखडते. तो म्हणायचा, "नाइन." व्याहीबुवा पाय आपटून म्हणायचे, "डोख!" समोरच्याने नाही म्हटलं की त्याला उलटून 'हो, आहेच!' म्हणायचा तो शब्द. टोकदाराला तो फार आवडला. आपल्याला मात्र जन्मात कुणाला असं उलटून बोलता येणार नाही, हेही कळलं.

मागची, उत्तरेची खोली बघायला दोघे गेले तेव्हा टोकदाराने भिंतीला हात लावला आणि स्वतःच निकाल दिला, "काल्ट. फॉयश्ट." व्याहीबुवांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली, जणू पोरगं पहिल्या नंबराने पास झालं.

पण जीव अडकला होता दक्षिणेच्या खोलीत. मोठी खिडकी, थंडीतही जमिनीवर उन्हाचा चौकोन. त्याने मनातल्या मनात पलंग मांडला, खिडकीखाली टेबल ठेवलं, बायकोचा फोटो टांगायला खिळाही ठोकला.

एके दिवशी व्याहीबुवांनी त्याला त्याच खोलीच्या मधोमध उभं केलं. जमिनीकडे बोट केलं, मग त्याच्या छातीकडे. शब्द सुटे करून विचारलं: ही खोली तुम्हाला हवी का?

टोकदाराला सगळं कळलं. ऊर भरून आला. आणि तोंडातून निघालं, "नाइन, नाइन!" वर दोन्ही हात हलवून मराठीत, "छे हो, मला कशाला एवढी मोठी!"

त्याची आई सांगायची, दुसऱ्याच्या दारात पहिल्या हाकेला ताट ओढू नये. पाहुण्याने नको म्हणायचं, यजमानाने धरून बसवायचं. त्यात हे मुलीचं सासर. तिथे लगेच 'हो' म्हणणारा बाप म्हणजे निलाजराच.

व्याहीबुवांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "गूट," म्हणाले, म्हणजे बरं, आणि कामाला लागले.

टोकदार वाट बघत राहिला. चहा पिताना बघितली, निघताना बूट घालायला उगाच वेळ लावून बघितली. पुढच्या दिवसांत व्याहीबुवा पन्हळीवर बोलले, छतावर बोलले. खोलीचं अवाक्षर नाही. मग एका सकाळी तो पोचला तर दक्षिणेच्या खोलीत टाकी उभी. छतावर उन्हाने तापलेलं पाणी साठवायची, जाड कोट घातलेल्या पाहुण्यासारखी गलेलठ्ठ. नळ भिंतीत गेलेले, वरून गिलावाही झालेला.

तो तसाच परत फिरला. पुन्हा गेला नाही.

शेवटी लेकच आली. "बाबा, फोन का उचलत नाही?"

"टाकीला कर की फोन."

"कुठल्या टाकीला?"

"माझ्या खोलीत राहायला आलीय ती."

लेक मटकन बसली. "तुमची खोली? तुम्हीच नाइन म्हणालात ना? तेही दोनदा! सासरे येऊन म्हणाले, तुझ्या बाबांना नको आहे. मला वाटलं, तुम्हाला आमच्यात राहायचंच नाही."

"अगं, ते म्हणायचं नको होतं!"

"म्हणायचं नको म्हणजे?"

"म्हणजे खरं नको नव्हे. तुला माहीत नाही? तुझ्या आजीने काय शिकवलं आपल्याला?"

"मला आहे हो माहीत. त्यांना कुठून असणार? त्यांच्याकडे नको म्हणजे नको. पुन्हा विचारलं तर माणसाचं ऐकलंच नाही असं होतं."

"घरात एवढी माणसं, आणि एकालाही वाटलं नाही, म्हाताऱ्याला आणखी एकदा विचारावं?"

"मलाही नाही वाटलं," लेक खाली बघत म्हणाली. "राग आला होता मला."

तेवढ्यात दारावर थाप पडली. नवा भाडेकरू खोल्या बघायला आला होता. त्याने नळ सोडून पाहिला, छत पाहिलं आणि टोकदाराला विचारलं, "मग कधी निघताय, काका?"

तो गेल्यावर लेक म्हणाली, "मी सासऱ्यांशी बोलते."

"नको," टोकदार म्हणाला आणि जीभ चावली. "म्हणजे खरंच नको. मी सांगतो."

बसमध्ये तो शब्द जुळवत बसला. खिडकी, पन्हळ, ओल, सगळं येत होतं. 'मला हवं' हे म्हणायची वेळच कधी आली नव्हती. जर्मनमध्ये नाही, आणि खरं सांगायचं तर मराठीतही नाही.

व्याहीबुवा रंधा मारत होते. टोकदाराने त्यांना टाकीसमोर नेलं. मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, "मी नाइन म्हणालो. ते खरं नाही. मला खोली हवी होती. ऊन, मोठी खिडकी. मला हवी होती."

व्याहीबुवांचे कान लाल झाले. "मग नाइन का?"

यावर त्याच्याकडे दोनच शब्द होते. "माझी आई," तो म्हणाला.

व्याहीबुवांनी नळांवरून हात फिरवला, मान हलवली. टाकी आता हलणार नव्हती. मग ते त्याला उत्तरेच्या खोलीत घेऊन गेले. "काल्ट," म्हणाले. "फॉयश्ट," टोकदार म्हणाला. निकाल त्याचाच होता. व्याहीबुवांनी दोन हातांमध्ये अंतर धरून दाखवलं, इतकं जाड अस्तर देतो. पण आधी भिंत सुकायला हवी. ही थंडी कठीण जाईल.

आणि मग जमिनीकडे बोट केलं. मग त्याच्या छातीकडे.

'नाइन' दातांपर्यंत आलं. टोकदाराने ते गिळलं.

"या," तो म्हणाला. हो.

चारचौघांत आपणच ताट ओढून बसल्यासारखं तोंड तापलं. पण लाज गेली ती गेलीच, म्हणून त्याने पूर्वेच्या कोऱ्या भिंतीकडे बोट केलं. "फेन्स्टर."

"नाइन," व्याहीबुवा म्हणाले. ऊब निघून जाईल.

जवळ कुणी तिसरं नव्हतं, मध्ये पडून समजूत घालणारं. टोकदार जमिनीकडे बघतच म्हणाला, "डोख."

त्याने खडू उचलला आणि थरथरत्या हाताने भिंतीवर चौकोन काढला. एकही बाजू सरळ आली नाही. व्याहीबुवांनी तो वाकडा चौकोन बराच वेळ पाहिला. मग त्याच्या हातातला खडू घेतला आणि आत दुसरा, पुष्कळ लहान चौकोन काढला. उशीएवढा.

"चालेल, चालेल," म्हणायला उघडलेलं तोंड टोकदाराने मिटून घेतलं आणि खडू परत मागायला हात पुढे केला.