खिडकीतली डांबरगोळी

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई फळ्यावर कमी आणि टेबलावर जास्त शिकवायच्या. पदार्थाच्या अवस्थांचा धडा आला की पुस्तक मिटलेलंच. बर्फाचा खडा आमच्या तळहातांवरून फिरत निघायचा आणि शेवटच्या बाकावरच्याला नुसतं ओलं मनगट मिळायचं. किटलीची वाफ गार ताटलीवर धरली की थेंब जमायचे, आणि आम्ही ढगाच्या पोटात बसल्यासारखे गप्प व्हायचो. मग मैदान. स्थायू म्हणजे हातात हात घट्ट, जागचं हलायचं नाही. द्रव म्हणजे हात सोडून एकमेकांना घसटत चालायचं. वायू म्हटलं की सुटायचं. एकदा शिपाईमामा धापा टाकत आले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्या वाफेतले चार जण कुंपणाबाहेर गेलेत."

एकतीस वर्षं हेच चाललं होतं. बाईंचा हात मोजमापाचा. वजनं चिमट्याने उचलायच्या आणि तराजूचा काटा थांबेपर्यंत श्वास धरायच्या. घरीसुद्धा चहात साखर सपाट चमच्याने. त्यांचे यजमान म्हणायचे, माझ्या वाट्याला दाणाभर जास्त कधी आलंच नाही.

निवृत्तीला बारा आठवडे उरले तेव्हा त्यांनी एक डांबरगोळी पातळ कापडात बांधून प्रयोगशाळेच्या खिडकीत टांगली. म्हणाल्या, काही पदार्थ पाणी न होताच हवेत निघून जातात, त्याला संप्लवन म्हणतात. दर शनिवारी पुरचुंडी न सोडता तोलायची, कापडाचं वजन वजा करायचं आणि उरेल तो आकडा भिंतीवरच्या कागदावर लिहायचा. "मी जाईन तोवर हीपण गेलेली असेल," असं सहज बोलून गेल्या.

सहा शनिवार आकडा उतरत गेला. चार ग्रॅमचे दोन झाले. दुपारी ऊन तिरपं झालं की ती पुरचुंडी वाऱ्यावर हलके झुलायची, तिची सावली आमच्या वह्यांवरून ये-जा करायची, आणि जुन्या कपाटासारखा तो वास डोळ्यांवर झापड आणायचा.

सातव्या शनिवारी वजन भरलं पावणेचार.

बाईंनी पुन्हा तोललं. वजनं पुसली, चष्मा पुसला, परत तोललं. आठव्या शनिवारी थोडं उतरलं, नवव्याला पुन्हा चार. हवेत गेलेलं परत येत नाही, एवढं आम्हालाही कळत होतं. बाई मात्र आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. अलीकडे ती जरा थरथरत. मग त्यांनी चिमटा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "तराजू बरोबर आहे. माझाच हात गेलाय. न जाणो, किती वर्षं मी चुकीचं मोजत आले. आता तुम्हीच तोला."

चिमट्याला कुणी हात लावेना.

आमच्यात एक मुलगी होती, पुढचे दोन दात मोठे म्हणून खारूताई. तिच्या वडिलांचं लोकरी कपड्यांचं दुकान. ती उठली, दप्तरातून पत्र्याची डबी काढून टेबलावर ठेवली, आणि म्हणाली, "बाई, हात नाही गेला तुमचा. मी बदलली गोळी. दोनदा."

बाईंनी डबी उघडली. आत दोन गोळ्या होत्या, एक मोठी आणि एक पार झिजलेली. कशाला बदललीस, असं त्यांनी विचारलंच नाही. गोळी संपली की बाई जाणार, हा हिशेब आम्ही सगळ्यांनी मनात मांडला होता. धीर तेवढा तिने केला होता. बाईंनी विचारलं ते वेगळंच.

"डबीत का ठेवलीस?"

"झाकण लावलं की झिजत नाही."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. दुकानात बघितलं."

बाई खुर्चीत बसल्या. चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही. त्यांनी झिजलेली गोळी कापडात बांधून खारूताईच्या हातात दिली. "वास कशाचा येतोय गं?"

"गोळीचा."

"मग गेलेली गोळी कुठे आहे?"

खारूताईने आधी खिडकीकडे पाहिलं, मग छताकडे, मग आमच्याकडे. तिने पुरचुंडी पुन्हा टांगली.

बाराव्या शनिवारी बाई शाळेतून गेल्या तेव्हा पुरचुंडीत वाटाण्याएवढं काहीतरी उरलं होतं. डबीतल्या तीन आठवड्यांनी ते राखलं होतं. चिमटा त्यांनी खारूताईकडे सोपवला. ती काटा थांबेपर्यंत श्वास धरायला शिकली.

पुढे चौथ्या शनिवारी कापड रिकामं निघालं. तिने ते नाकाशी धरलं, आमच्याही नाकाशी फिरवलं. मग भिंतीपाशी गेली. कागदावर तारखेपुढे शून्य लिहायचं होतं. तिने पेन घेतलं आणि लिहिलं, "खोलीभर."