पिवळा ब्रेक

मला बंद वस्तू बघवत नाही. घड्याळ असो, कुलूप असो, आत काय चाललंय ते कळल्याशिवाय घास गोड लागत नाही. त्यामुळे बुलढाण्याच्या एका साहेबांची बदली होऊन त्यांच्या सामानाच्या लिलावात एक न चालणारी मोटार निघाली, तेव्हा बोली लावायला मी सगळ्यांत पुढे होतो. दुसरं कोणी पुढे आलंच नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मोटार मेहकरजवळच्या आमच्या गावापर्यंत आणली ती बैलजोडीने ओढून. बैल घरचे आणि हाकायला वडील. वाटभर ते अवाक्षर बोलले नाहीत. शिवेत शिरल्यावर मात्र म्हणाले, "आता लोकाईले काय सांगशीन? मोटार बैलाईनं चालते मनून?"

मला ती मोटार बसायला नको होतीच. मागची बैठक कापून तिथे माल भरायचा हौदा बसवायचा, म्हणजे अर्धी लॉरी करायची, असं डोक्यात होतं. जोडीला दोघे मिळाले. एक मेहकरच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर आणि दुसरा कापसातली सरकी काढायच्या जिनातला फिटर. मोटारीचं काम आम्हां तिघांपैकी कोणालाच कोणी शिकवलेलं नव्हतं. मास्तरांना प्रत्येक भागाचं चित्र काढता यायचं, फिटरला जिनाचं इंजिन माहीत होतं आणि माझ्याकडे नुसती हौस होती. दर रविवारी दोघे सायकली मारत यायचे आणि गोठ्यासमोरच्या कडुनिंबाखाली आमची खटपट सुरू व्हायची.

किती चुकलो त्याला सुमार नाही. हौद्यासाठी जिनाच्या भंगारातल्या लोखंडी पट्ट्या आणल्या, हातड्रिलने भोकं पाडली आणि त्यांत थंडच रिवेट ठोकले. इंजिन फिटरने खोलून, साफ करून एकदाचं सुरू केलं होतं, पण मोटार चालू केली की सगळा हौदा भजनी मंडळासारखा वाजायचा. मग लोहाराच्या भट्टीत रिवेट लाल करून ठोकले तेव्हा तो गप्प बसला. असं का होतं, हे मला फिटरला विचारून विचारून कळलं: तापलेला रिवेट गार होताना आखडतो आणि दोन्ही पट्ट्या आवळून धरतो. त्या रात्री मी जेवताना हे आईलासुद्धा समजावून सांगितलं. ती म्हणाली, "भाकर खाय."

रेडिएटर गळत होता. त्यात फिटरच्या सांगण्यावरून मूठभर हळद टाकली आणि गळती खरंच थांबली. ब्रेक मागच्या दोन चाकांनाच होते. चाकाच्या आतल्या बाजूला लोखंडी ढोल, त्याच्याभोवती बाहेरून गुंडाळलेला पट्टा. पायाने दाबलं की पट्टा ढोलाला आवळायचा. त्याचं अस्तर झिजलेलं होतं, म्हणून जिनातल्या जुन्या कॅनव्हासच्या पट्ट्याचे तुकडे कापून तांब्याच्या रिवेटने बसवले. हाताच्या ब्रेकची तार नव्या हौद्याखालून जाईना, म्हणून तो काढूनच टाकला. आम्हांला वाटलं, एक ब्रेक पुरे आहे.

वडिलांची अडचण वेगळी होती. आमची जुनी जोडी थकत आली होती आणि त्यांना नवी जोडी घ्यायची होती. मी हट्ट धरला की बाजाराचा माल मोटार नेईल, नव्या जोडीची गरज नाही. बरेच दिवस धुसफुस झाल्यावर त्यांनी एका वाक्यात निकाल दिला. "एक बार जरी माल रस्त्यात सांडला, तं हे भंगारात अन् नवी जोडी दाराशी." मी कबूल झालो. त्यानंतर ते रविवारी ओट्यावर बसून तंबाखू मळत आमच्याकडे बघत राहायचे. एक प्रश्न म्हणून विचारायचे नाहीत. बाजारात सुईसुद्धा दहा प्रश्न विचारून घेणारा हा माणूस मोटारीबद्दल तोंड का उघडत नाही, याचं मला फार कुतूहल होतं आणि थोडा रागही यायचा.

पोळा आला तशी आमची खटपट बंद पडली. पावसाने मोटार भिजू नये म्हणून ती गोठ्यात बैलांच्या शेजारी उभी होती. पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची कर झाली आणि लगेच आलेल्या बाजाराला नव्या मुगाची पोती हौद्यात भरून मी आणि फिटर मेहकरला निघालो. रस्ता सरळ आणि रिकामा, ब्रेकवर पाय ठेवायची वेळच आली नाही. पैनगंगेकडे उतरणारा उतार लागला तेव्हा मी पाय दाबला. मोटारीला त्याचं काहीच वाटलं नाही.

फिटर म्हणाला, "ब्रेक दाब ना बे."

"दाबला."

"मंग थांबून काऊन नाही राह्यली?"

खाली नदीला पाणी होतं. गिअर बदलायला गेलो तर तो नुसता करकरला. मी चाक वळवलं आणि मोटार रस्ता सोडून शेजारच्या ज्वारीत घुसली. ओल्या काळ्या मातीत चाकं रुतली तेव्हा ती थांबली. आम्हांला खरचटलंसुद्धा नाही. पण पोती उलटली, दोन फाटली आणि हिरवागार मूग चिखलात पसरला.

मोटार ओढायला वडीलच जोडी घेऊन आले. आधी विचारलं, "लागलं तं नाही कोणाले?" मग मुगाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठरलं थे ठरलं. भंगारवाल्याले निरोप धाड."

रविवारी मी दोघांना शेवटचं बोलावलं. मोटार जाणार हे मला मान्य होतं, पण का थांबली नाही हे कळल्याशिवाय ती जाऊ द्यायला मी तयार नव्हतो. मास्तरांचं मत, कॅनव्हास झिजला. फिटरचं मत, पट्टा आवळणारी दांडी ताणली जाऊन लांब झाली. दोन्ही चाकं उघडली. कॅनव्हास शाबूत, दांडी शाबूत. मात्र अस्तर पिवळंधमक झालेलं. मास्तर उत्साहाने म्हणाले, "हळद! रेडिएटरमधली हळद गळत गळत मागे आलेली दिसतेय." त्यांनी लगेच मातीत काडीने पाण्याची वाट काढून दाखवली.

"पाणी पुढून मागं येईन," फिटर म्हणाला, "पण दोन्ही ढोलाईले सारखं चौफेर कसं लागीन? हे तं कोणी हातानं लावलं हाय." मग त्याने बोट नाकाशी नेलं. "अन् ग्रीसले आंबूस वास येते का कधी? हे लोणी हाय."

मला सगळं एका क्षणात कळलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यावर गरम पाण्याचा शेक देऊन हळद-लोणी चोळतात आणि उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतण देतात. आमच्या घरी हे काम वडील दुसऱ्या कोणाला करू देत नसत. त्या संध्याकाळी गोठ्यात बैलांच्या शेजारी मोटार उभी होती.

पहिल्यांदा माझं डोकंच फिरलं. या माणसाच्या हौसेपायी आम्ही दोघे नदीत गेलो असतो. आणि त्याच रागात मला रडू यायला लागलं, कारण ज्या वस्तूबद्दल ते एक प्रश्नही विचारत नव्हते, तिच्या खाली वाकून त्यांनी तळहाताने लोणी चोळलं होतं.

मास्तर म्हणाले, "सांगून टाका त्यांना. दोष मोटारीचा नाही. ती वाचेल." खरं होतं ते. पण बापाला जाऊन काय सांगणार? तुमच्या मायेने आमचा जीव घेतला असता, असं? मी दोघांना गप्प राहायला सांगितलं. पट्टे घासलेटने धुवायचे, मोटार होती तशी जोडायची आणि जाऊ द्यायची, असं मी ठरवलं.

पट्टा धुवायला घेतला तर वडील शेजारी येऊन उकिडवे बसले. कधी आले ते कळलं नाही. त्यांनी पट्टा माझ्या हातातून घेतला, बोटाने चाचपला आणि हुंगला.

"घरचंच लोणी हाय," ते म्हणाले. "लय दिवस पाह्यलं मी, हिचा भार कोठं येते थे. बैल पुढून ओढते, त्याचा भार खांद्यावर. हे मागच्या चाकानं ढकलते. मनून तेथंच लावलं. काय चुकलं?"

मी जमेल तसं सांगितलं: बाकी सगळ्या मोटारीला तेल लागतं, पण एवढीच जागा कोरडी पाहिजे, इथे घासलं तरच ती थांबते. त्यांनी मला पाय दाबायला लावला आणि स्वतः खाली वाकून पट्टा ढोलाला आवळताना बघितला. पुन्हा दाबायला लावला. मग इतक्या महिन्यांचे साठलेले प्रश्न सुरू झाले. पट्टा कापडाचा का, लोखंडाचा का नाही, पुढच्या चाकांना ब्रेक का नाही, उतारावर नुसतं इंजिन बंद केलं तर काय होईल. मास्तरांना उत्तरं देता देता मातीतली जागा पुरेना. दिवस कलायला आला तरी ते हलले नाहीत.

"मंग भार खरा कोठं येते?" त्यांनी विचारलं. फिटरने चाकाच्या वर एकावर एक बसवलेले पोलादी पाटे दाखवले. सगळ्या मालाचं ओझं त्यांच्यावर असतं आणि त्यांना वंगणही चालतं. वडील उठून घरात गेले आणि वाटीत हळद-लोणी कालवून घेऊन आले. मोटारीखाली सरपटत शिरले आणि पाटे चोळायला लागले.

मी खाली वाकून भीत भीत विचारलं, "बाबा, भंगारवाल्याले काय निरोप धाडू?"

त्यांचा हात थांबला नाही. "खांदा शेकल्यावर कोणी इकते का बे?" ते खालूनच म्हणाले.