पाट्यावरची हिरवी खूण

मंडळी, जुनी पिकअप वापरणाऱ्यांनी हे वाचाच. दुपारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

आमची गाडी पुढून डावीकडे बसली होती. पिंपळगावला टोमॅटो नेताना प्रत्येक खड्ड्यात दणका. एरवी गाडी साडूभाऊंच्या गॅरेजला जाते, पण ते मुलीच्या लग्नाच्या गडबडीत. म्हणून आज इंदिरानगरजवळ एका अनोळखी मिस्त्रीकडे नेली.

अनोळखी म्हणून समोरच स्टूल टाकून बसलो. चहालाही उठलो नाही. त्याने पुढच्या स्प्रिंगचे पाटे उतरवले आणि म्हणाला, "शेठ, दोन पाटे तुटलेत."

"तूच तोडले असशील," मी म्हणालो.

तो चिडला नाही. तुटलेली कड माझ्यासमोर धरली. "आत गंज बघा. आज तुटला असता तर चकाकला असता."

मग त्याने डिझेलने पाटा पुसला, आणि हिरव्या ऑइलपेंटचा ठिपका दिसला. आमच्या टोमॅटोच्या क्रेटवर असतो तोच. मागच्या वर्षी गाडी साडूभाऊंकडे देताना जुन्या पाट्यांवर मीच टाकलेला. संशयी स्वभाव, दुसरं काय. "सगळे नवे टाकले," साडूभाऊ म्हणाले आणि आग्रहाने जेवायला बसवलं. पोटभर जेवल्यावर गाडीखाली वाकून बघायची लाज वाटली.

आता या मिस्त्रीने माझ्यासमोर टाकलेले पाटे खरंच नवे आहेत. परवा साडूभाऊंच्या मुलीचं रुखवत याच गाडीतून जायचंय. ते नीट पोहोचेल. मांडवात साडूभाऊ पंगतीला बसा म्हणाले, तर मी काय करू?