ड्यूटीबुवांची अर्धी गाठ

आमच्या ड्यूटीबुवांच्या देवळात अंगात यायलासुद्धा वेळ पाळावी लागे. जवाहरनगरच्या फॅक्टरीत उभा जन्म काढलेला माणूस. निवृत्त होऊन अड्याळला आला आणि घराला लागून असलेल्या मारुतीच्या देवळात बसू लागला, तोही खाकी शर्ट घालून. भोंगा तेवढा नव्हता. जेवणाची वेळ झाली की समोर कुणी केस मोकळे सोडून घुमत असलं, तरी बुवा डबा उघडायचे. "बाई, दोन वाजता घुमजो. आता लंच हाये," म्हणायचे, आणि आश्चर्य म्हणजे बाई थांबायची.

लोक त्यांच्याकडे दोरा बांधून घ्यायला येत. कुणाला झोप नाही, कुणाला धास्ती, कुणाची सून बोलतच नाही. बुवा काहीतरी पुटपुटत काळा दोरा मनगटाला गुंडाळत आणि गाठ अर्धीच मारत. पक्की गाठ केव्हा? तर भंडाऱ्याच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरला दाखवून, गोळ्यांचं पाकीट त्यांच्यासमोर आणून ठेवल्यावर. तोवर दोरा सुटला तर जबाबदारी तुमची. "अर्ध्या गाठीत देव अर्धाच अडकते," असं ठणकावून सांगत. हे शास्त्र त्यांनी कुठून काढलं होतं ते मला माहीत नाही. मारुतीलाही नसावं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. गावोगावी अंधश्रद्धेवर भाषणं देतो. नारळातून करणी काढण्याचा प्रयोग माझ्याइतक्या सफाईनं जिल्ह्यात कुणी करत नाही, असं माझं स्वतःचं मत आहे. त्या प्रयोगात बुवांची नक्कल करून मी हमखास हशा मिळवायचो. ते भेटले की म्हणायचे, "गुर्जी, नक्कल चांगली करता. पन मी इतका बुटका नाही."

मग मलाच झालं. फळ्यावर आकृती काढता काढता छाती धडधडू लागली, हात गार पडले आणि आपण आता मरणार याची खात्रीच पटली. मेलो नाही. दुसऱ्या दिवशीही मरायची तयारी झाली, तेव्हाही मेलो नाही. हृदयाची तपासणी केली, ती निर्दोष निघाली, तर मला वाईटच वाटलं. मोबाइलवर लक्षणं टाकली. त्यानं रोज नवा रोग दिला आणि मी रोज तो मनापासून स्वीकारला. बायकोनं मीठ-मिरच्या ओवाळल्या, तेव्हा मी निव्वळ निरीक्षण म्हणून डोळे मिटून पाटावर बसलो.

हळूहळू धडधडीच्या मागून दुसरंच काही येऊन बसलं. जेवण, शाळा, घरातलं बोलणं, सगळं नकोसं झालं. तळ्याच्या पाळीवरून जाताना मी पाण्याकडे जास्त वेळ पाहू लागलो. हे कुणाला सांगितलं नाही. मनाच्या डॉक्टरकडे जावं हे कळत होतं, पण तिथल्या बाकावर कुणी पाहिलं तर? विज्ञानाचे गुर्जी वेडे झाले म्हणतील. त्यापेक्षा देऊळ बरं. देवळात जाणाऱ्याला आमच्याकडे कुणी वेडा म्हणत नाही.

कुणी नसेल म्हणून लंच टाइम गाठूनच गेलो. बुवांनी माझ्याकडे पाहिलं आणि डबा बाजूला सरकवला. माझा हात हातात घेऊन सरळ विचारलं, "गुर्जी, जीव नकोसा झाला का?"

भाषणात मी कधी अडखळलेलो नाही. तिथं नुसती मान हलली.

"माह्या लहान भावाले हे कोनी इचारलं नाही. मी बी नाही," बुवा म्हणाले. "देवळोदेवळी फिरवलं, दोरे बांधले. दवाखान्यात नाही नेलं, लोक काय म्हनतील म्हनून. एक दिवस तळ्याकडे गेला, तो परत आला नाही." मग त्यांनी दोरा गुंडाळला, अर्धी गाठ मारली. "आजच जाऊ. मी येऊन राहिलो संगं."

घरातून त्यांच्या पत्नीनं चहा आणून ठेवला. त्यांना सगळं गाव मामी म्हणे. "चहा घ्या," एवढं म्हणून त्या आत गेल्या.

बसमध्ये ती अर्धी गाठ ढिली होऊ लागली. करणीचे नारळ फोडणारा मी, दोरा सुटू नये म्हणून भंडाऱ्यापर्यंत मनगट आवळून बसलो होतो. दवाखान्यात मनाच्या डॉक्टरच्या दारासमोर आमच्याच गावचा धानाचा व्यापारी बसलेला. "दात दुखून राहिला," तो घाईघाईनं म्हणाला. "माझाही," मी म्हणालो. बुवा आमच्या मधोमध बसले. "अख्ख्या गावाचे दात खराब झाले वाटते," म्हणाले आणि त्यांनी खिशातून शेंगदाणे काढले.

डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या, पुन्हा पुन्हा बोलायला बोलावलं. बरं वाटायला वेळ लागला, पण वाटलं. श्रेय बुवांनी मारुतीला दिलं, बायकोनं मिरच्यांना, मी गोळ्यांना, आणि त्यावरून आमची देवळात चांगली जुंपली. तरी ती पाकिटं मी प्रयोगशाळेत बेडकाच्या बरणीमागे लपवत असे. कुणी विचारलंच तर बीपीच्या गोळ्या म्हणून सांगायचो.

यंदा धान कापणीच्या दिवसांत बुवा गेले. तेरवीला मांडवात मला बोलायला उभं केलं, कारण गावात भाषणं मलाच येतात. निःस्वार्थ सेवा वगैरे शब्द मी घरून जुळवून आणले होते. तोंडातून निघालं ते भलतंच.

"मी मनाच्या आजाराच्या गोळ्या घेतो. बुवांनी मला डॉक्टरकडे नेलं नसतं, तर मी आज नसतो."

व्यापारी पत्रावळीकडे पाहू लागला. आता शाळेत काय होणार, याचा हिशोब मी उभ्या उभ्या करत होतो, तेवढ्यात बायकांमधून मामी उठल्या.

"गुर्जी, मले बी न्या जी," त्या म्हणाल्या. "देवर गेला तवापासून मले झोप नाही. पान्याचा आवाज आला तरी जीव घाबरते. म्या तुमच्या बुवाईले कधी सांगतलं नाही. त्याईनं बी कधी इचारलं नाही."

"उद्या सकाळी येतो, मामी," मी म्हणालो.

सगळ्या गावाला हाताला धरून दवाखान्यात नेणाऱ्या त्या माणसाचा त्या क्षणी मला भयंकर राग आला, आणि त्यांच्यासाठी मी भर मांडवात, माझ्या विद्यार्थ्यांदेखत, हमसून हमसून रडलो.